नदीवरची शांतता मी भरून काढली

मी लाजणाऱ्यांतला माणूस नाही. आमच्या धंद्यात लाजाळू माणसाचं काम नाही. तरुणपणी मी लग्नाच्या मांडवांवर कर्णे बांधायचो. माझा कर्णा असा होता की पारोळ्यात मी "हॅलो, माईक टेस्टिंग" म्हटलं की धुळ्यात कुणीतरी "बोला" म्हणायचं. फैजपूरकडच्या एका लग्नात मी खर्ज एवढा चढवला की मांडवाला बांधलेली हिरवी केळी हळद लागेपर्यंत पिवळी झाली. लोक म्हणतात राजूभाऊ थापा मारतो. अर्धं कबूल करतो. घड पूर्ण पिवळा झाला नव्हता, देठाकडे जरा हिरवा राहिला होता.

तर या अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "राजूभाऊ, तुमच्या सगळ्या फुशारक्या लिहून काढा, दिवाळीत लोक हसतील." फुशारक्या पोतंभर आहेत. पण यंदाच्या आखाजीपासून त्या पोत्यावर एक गोष्ट फतकल मारून बसली आहे, आणि ती उठल्याशिवाय खालचं काही निघत नाही. म्हणून आधी तीच सांगतो. हसायला हरकत नाही. अख्खं गाव हसलंय.

आधी धंदा समजून घ्या. कर्णे गेले, डीजे आले, डीजेवाल्यांच्या मागे पोलीस लागले, आणि मी जळगावात एक खोली घेऊन आत बसलो. भिंतींना गाद्या ठोकल्या. आता लोक मोबाईलवर व्हिडिओ बनवतात, अहिराणी गाणी, विनोदी नाटुकली, कीर्तनं, वांग्याच्या भरताच्या रेसिप्या, आणि त्यांचा आवाज नीट करायला माझ्याकडे आणतात. नीट करायचा म्हणजे काय? हे व्हिडिओ जिथे लावतात त्या कंपन्यांनी आवाजाची एक रेघ आखून ठेवली आहे. यंत्राच्या भाषेत ती उणे चौदावर असते. तुमच्या व्हिडिओचा सरासरी आवाज रेघेच्या वर गेला की कंपनी स्वतःच त्याचं मुंडकं दाबून खाली आणते. खाली राहिला तर मात्र कुणी हात देऊन वर घेत नाही, आणि बघणारा "आवाज येत नाही" म्हणून पुढच्या व्हिडिओवर निघून जातो. म्हणून माझं काम असं: ओरडणाऱ्याला दाबायचं, कुजबुजणाऱ्याला उचलायचं, मधला पंख्याचा, कोंबड्याचा, खोकल्याचा कचरा झाडून टाकायचा, आणि सगळ्यांना एका रांगेत रेघेवर उभं करायचं. केळीच्या पॅकिंगसारखं. खोक्यात सगळ्या फण्या सारख्या दिसल्या पाहिजेत.

यात मी इतका तरबेज झालो की माझ्या सेटिंगला लोक नावानं ओळखायला लागले. "राजू सेटिंग मार रे" असं शिरपूरचे गाणेवाले सांगतात. मीही खोलीच्या दारावर पाटी लावली: इथे मुक्यालाही बोलतं केलं जातं.

दीपनगरचे एक काका माझे गिऱ्हाईक. वीजकेंद्रात टर्बाईनशेजारी अख्खी नोकरी काढलेली. त्यांच्या हिशेबानं सगळं जग हळू बोलतं. ते माझ्या खोलीत येऊन "कसं काय" म्हणाले की खिडकीतलं कबूतर भुसावळच्या दिशेनं उडायचं. काका आणि काकू मिळून घरगुती औषधांचे व्हिडिओ करायचे. काका गर्जायचे, आणि काकू शेजारी बसून ओव्याच्या काढ्याबद्दल असं बोलायच्या, जणू तो ओवा शेजारणीकडून चोरून आणलाय. मी राजू सेटिंग मारलं. काका खाली आले, काकू वर आल्या, दोघं एका रेघेवर. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी यांच्या बरोबरीनं ऐकू आले हो." मागून काका ओरडत होते, "माझा आवाज का कमी झालाय?" काकू म्हणाल्या, "असू द्या तसाच."

त्या दिवशी मला वाटलं, आपण आवाज नाही, न्याय करतो. माणसाला एवढं वाटलं की त्याचं पुढं काही खरं नसतं.

आता आखाजी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. अक्षय तृतीयेला आम्ही खानदेशी आखाजी म्हणतो, आणि ती आमच्याकडे लेकींची असते. सासरच्या पोरी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर पुरणपोळ्या होतात, आणि मग गौराईला बोळवायला सगळ्या बायका नदीवर जातात. नदीच्या पलीकडच्या काठावर पलीकडच्या गावच्या बायकाही त्याच कामाला आलेल्या असतात. देवीची बोळवण झाली की दोन्ही काठ एकमेकांकडे तोंड करून उभे राहतात आणि गाण्यातून एकमेकांचा उद्धार सुरू होतो. स्वयंपाक, नाक, नवरा, म्हैस, काही सुटत नाही. पुरुषांनी लांब उभं राहायचं आणि ऐकून न ऐकल्यासारखं करायचं. नियम एकच: जो काठ आधी गप्प झाला तो हरला.

अनेर नदीवरची अशी दोन गावं आहेत. अलीकडचं धुळे जिल्ह्यात, पलीकडचं जळगाव जिल्ह्यात. नावं सांगत नाही, मला पुन्हा तिकडे जायचंय. अलीकडच्या गावच्या भगवानभाऊंनी मला बोलावलं. भगवानभाऊ एकेकाळचे सरपंच, आणि अजूनही त्यांना कुणी ते पद गेलं असं कळवलेलं नाही. म्हणाले, "यंदा रेकॉर्डिंग पाहिजे. आपल्या बायांचा आवाज असा फुटला पाहिजे की मोबाईल खिशात तापला पाहिजे."

चित्र गावची पोरं मोबाईलवर घेणार होती, आवाजासाठी मी दोन रेकॉर्डर नेले. एक अलीकडे ठेवला, एक पलीकडच्या बायकांना विचारून त्यांच्या पायाशी वाळूत. पलीकडच्या म्होरक्या सुभद्राबाई. उंच, आडव्या हाडाच्या, आणि आवाज असा की त्या हाक मारतात तेव्हा दुसऱ्या गावची गुरंही परततात. त्या रेकॉर्डरकडे बघून म्हणाल्या, "हाई काय शे? फुटी जाई मना आवाजमा." मी म्हटलं, "बाई, याने डीजे सोसलेत." त्या म्हणाल्या, "डीजेनी मले सोसेल नही अजून."

अलीकडच्या म्होरक्या गिरजाअक्का. चणीनं एवढ्याशा. गावचीच लेक, नवरा गेल्यावर माहेरी परतलेली, आणि कित्येक आखाज्यांपासून सुभद्राबाईंच्या समोर उभी. दोघी वर्षभर बाजारात भेटल्या तर एकमेकींच्या पिशवीत भाजी घालतात. आखाजीला मात्र गौराईची शपथ, दयामाया नाही. अक्कांचा घसा दोन वर्षांपासून बसत चालला होता. गावात सगळ्यांना माहीत होतं की ही त्यांची शेवटची आखाजी, पुढल्या साली दुसरी कुणीतरी पुढं उभी राहील. आणि गिरजाअक्का सुभद्राबाईंविरुद्ध आजवर कधी जिंकल्या नव्हत्या. बरोबरी झाली होती, अंधार पडून मोडलं होतं, पण पलीकडचा काठ कधी गप्प झाला नव्हता.

अक्का माझ्या यंत्राजवळ आल्या. "हाऊ काटा काय सांगस रे भाऊ?"

"तुमचा आवाज किती भरला ते सांगतो, अक्का."

"मंग तिना बी सांगजो मले. खरं सांगजो."

सुरू झालं. दोन्हीकडून असा मारा की काठावरच्या बाभळीची पानं गळाली असती, पण उन्हाळ्यानं आधीच गळाली होती. माझा काटा तांबड्यातून खाली यायला तयार नव्हता. पलीकडच्या बायका दुप्पट. अलीकडच्या पोरी एकेक करून दमत चालल्या. शेवटी एकट्या अक्का पुढं आल्या आणि त्यांनी सुभद्राबाईंच्या पुरणपोळीला हात घातला:

सुभद्राबाई खापरवर पोई करस,
एकांगे जयस, एकांगे कच्ची ऱ्हास,
याही बसना जेवाले…

म्हणजे पोळी एका अंगानं जळते, एका अंगानं कच्ची राहते, आणि व्याही जेवायला बसला. इथपर्यंत पोचल्या आणि अक्कांचा घसा गेला. खोकला नाही, काही नाही, दिवा जातो तसा गेला. ओठ हलत होते. थोडीशी हवा बाहेर येत होती, आणि त्या हवेवर शब्द होते.

आता तुम्ही पलीकडच्या काठावर उभे आहात असं समजा. तुमच्या पोळीला समोरची बाई नावं ठेवते आहे, तुमचा व्याही पाटावर बसलेला आहे, आणि पुढं काय झालं तेच ऐकू येत नाही! कुणाला सोसेल? पलीकडे आधी एकीनं दुसरीला गप्प केलं, तिनं तिसरीला. बघता बघता अख्खा काठ गप्प. एवढ्या बायका आणि एवढी शांतता मी जन्मात ऐकली नाही. वाळूवरचं पाणी ऐकू आलं. आणि त्या शांततेतून अक्कांचा तो फाटका शब्द चालत पलीकडे गेला:

नुसतं पानी पेस.

नुसतं पाणी पितो! हशा दोन्ही काठांवर पिकला. आणि मग सुभद्राबाईंच्या ध्यानात आलं की आपण गप्प झालो होतो. त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि त्या खणखणीत आवाजात ओरडल्या, "जिकनी व माय तू!"

अक्का वाळूत बसल्या आणि पदरात तोंड घालून हसल्या की रडल्या ते मला दिसलं नाही. कारण मी काट्याकडे बघत होतो. अक्कांच्या ओळीला काटा पार तळाशी गेला होता, आणि मी मनात म्हणत होतो, इथं आवाज फारच पडलाय, उचलावा लागणार.

इथून पुढचं लिहिताना कान गरम होतात.

मी जळगावला आलो, आणि राजू सेटिंग मारलं. ओरडणाऱ्या दोन्ही काठांना दाबलं. अक्कांच्या कुजबुजीला उचलून उचलून रेघेवर आणून उभं केलं. पलीकडच्या रेकॉर्डरवर त्या क्षणी बांगड्यांचा, खोकल्याचा, पुटपुटण्याचा कचरा होता, तो झाडून टाकला. सुभद्राबाईंच्या शेवटच्या आरोळीला दाबून बाकीच्यांच्या पंगतीला बसवलं. काम इतकं स्वच्छ झालं की मी स्वतःच्या पाठीवर हात फिरवायचा प्रयत्न केला, पण तो खांद्यापर्यंतच पोचला. मी त्या नदीवर उभा होतो, ती शांतता माझ्या अंगावर काटा उभा करून गेली होती, आणि तरीही मी ती भरून काढली. रस्त्यातला खड्डा भरावा तशी.

व्हिडिओ लागला. खानदेशभर फिरला. आणि त्यात काय दिसत होतं? एका बाजूनं गिरजाअक्का ठणठणीत आवाजात तिन्ही ओळी म्हणतायत, आणि समोरचा एवढा काठ मधेच, काही कारण नसताना, कात्रीनं कापल्यासारखा बंद.

भगवानभाऊंचा फोन आला. "राजूभाऊ, पलीकडचे खवळलेत. म्हणतायत, एवढ्या मोठ्यानं कुणी शिव्या देतंय आणि आमच्या बाया गप्प ऐकून घेतील? जळगावच्या स्टुडिओवाल्यानं आमचा आवाज कापला. सुभद्राबाईंनी शब्द मागं घेतला. म्हणे गिरजा जिंकलीच नाही, आणि पुढल्या आखाजीला आम्ही नदीवर येणार नाही."

मी घाईनं म्हटलं, "भाऊ, मी काही कापलं नाही हो."

"अहो कापलं असलं तरी काय बिघडलं!" भाऊ आनंदानं म्हणाले. "लई भारी कापलं. उद्या या, सत्कार ठेवलाय."

आणि मी गेलो. थोडा वेळ इथं थांबतो.

गेलो. पारावर खुर्ची, शाल, नारळ. पोरं माझ्यासोबत फोटो काढत होती. एक म्हणाला, "राजूभाऊ, काय आवाज दाबला त्यांचा! पुढल्या साली पूर्णच काढून टाका." मी हसलो. बोलायला पाहिजे होतं की बाबांनो, ती बाई खरी जिंकली आहे, तिला लबाडीची गरजच नव्हती. पण खांद्यावर शाल पडली की माझी जीभ जड होते, जुनी खोड आहे. मी म्हणालो, "आपलं तंत्रज्ञानच तसं आहे." टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर दिसलं की देवळाच्या पायरीवर गिरजाअक्का बसल्या होत्या. आवाज पूर्ण गेलेला. त्यांनी बोटानं मला जवळ बोलावलं. कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला.

"जनमभर एक डाव जिकनू," अक्का म्हणाल्या. "तो बी तू चोरीना करी टाका."

मी काहीतरी समजवायला लागलो. रेघ, सरासरी, उणे चौदा. त्यांनी हात वर करून थांबवलं. "तिले ठाऊक शे ती कसाले चूप बसनी. पन आते ती गावले काय सांगी? मोबाईलमा तं मीच आरडी राह्यनू."

नारळ तिथेच ठेवून मी उठलो. शाल मात्र अंगावरच राहिली, घाईत. मोटरसायकल घेतली. मूळ रेकॉर्डिंग मोबाईलमध्ये होतं, हात न लावलेलं, आणि डिकीत एक लहान स्पीकर होता. अनेरला उन्हाळ्यात पाणी घोट्याएवढं. गाडी नदीतूनच घातली आणि सुभद्राबाईंच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. शाल बघून त्या म्हणाल्या, "या, या. आमनं नाक कापीसन शाल पंघरी उनात."

बायका जमायला लागल्या. मला वाटत होतं, आता वाळत घातलेल्या पापडांच्या शेजारी मलाही वाळत घालणार. मी म्हटलं, "बाई, शिव्या नंतर द्या. आधी एकदा हे ऐका. हे मी केलेलं नाही. हे नदीनं केलेलं आहे."

स्पीकर ओट्यावर ठेवला आणि लावलं. दोन्ही काठांचा गदारोळ आला, बायका खूश झाल्या, "हाऊ दखा आमना आवाज!" मग अक्कांच्या पहिल्या दोन ओळी. मग तिसरी सुरू झाली आणि स्पीकरमधून काही येईनासं झालं.

"बंद पडना," एक म्हणाली.

"बंद नाही पडलं," मी म्हटलं. "चालू आहे. तुमचाच आवाज आहे त्यात, ऐका."

आपला आवाज आहे म्हणताच सगळ्या पुढं सरकल्या. मी जरा मागं नेऊन पुन्हा लावलं. कूलर घरघरत होता, तो कुणीतरी बंद केला. एकीनं रडणाऱ्या पोराला पदराखाली घेतलं. शेजारच्या ओट्यावर दोघी अजून बोलत होत्या. सुभद्राबाई वैतागून मागं वळल्या, "चूप बसा व! ऐकू द्या ना!"

आणि त्याच क्षणी ओट्यावरच्या स्पीकरमधून, बारीक पण स्पष्ट, सुभद्राबाईंचाच आवाज आला: "चूप बसा व! ऐकू द्या ना!"

तो माझा झाडून टाकलेला कचरा होता.

अंगणात कुणी हललं नाही. त्या शांततेत स्पीकरमधून वाळूवरचं पाणी ऐकू आलं, बांगड्या आल्या, आणि लांबून, नदीच्या त्या अंगानं, अक्कांचा शब्द आला. नुसतं पानी पेस. मग कुणीतरी फसकन हसलं, आणि अख्खं अंगण फुटलं. एक म्हातारी ओट्यावर हात आपटत म्हणाली, "सुभद्रा, डबल हारनूत व आपन!"

सुभद्राबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "इतलं साजरं व्हतं," त्या म्हणाल्या, "तं तू त्याले हात कसाले लावा?"

मी आयुष्यात कधीच बिनउत्तराचा राहिलेलो नाही. कर्णा फुटला, मांडव कोसळला, नवरदेव पळाला, माझ्याकडे दर वेळी वाक्य तयार होतं. त्या अंगणात मी पापडांकडे बघत उभा राहिलो. एकाही पापडानं मदत केली नाही.

सुभद्राबाई उठल्या, पायात चपला घातल्या आणि थेट नदीकडे निघाल्या. मागं सगळ्या बायका. मी गाडी ढकलत त्यांच्या मागं. कुणीतरी फोन केला असावा, कारण अलीकडच्या काठावर माणसं जमली होती, आणि भगवानभाऊंच्या शेजारी गिरजाअक्का उभ्या होत्या. मी नदी ओलांडून अक्कांजवळ पोचलो तेवढ्यात मागून ती हाक आली. सुभद्राबाईंनी कंबरेवर हात ठेवले होते, मान मागं टाकली होती.

"गिरजा! जिकनी व माय तू! बठ्ठा गावना देखत सांगस, जिकनी!"

अक्कांना उत्तर द्यायला आवाज नव्हता. त्यांनी हात वर केला आणि तो तसाच बराच वेळ धरून ठेवला. पलीकडच्या बायकाही गप्प उभ्या होत्या, जणू हातही ऐकायचा असतो.

मी शाल काढली आणि भगवानभाऊंच्या पुढं धरली. भाऊ म्हणाले, "अहो ठेवा, सत्काराची आहे." अक्कांनी माझी बाही ओढली. मी वाकलो.

"ऱ्हाऊ दे तुनाकडे. लाज झाकाले कामी यी."

शाल माझ्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर असते. दारावरची पाटी काढली आहे. मूळ आवाजाचा व्हिडिओही मी लावला. तो फार कुणी बघत नाही. बघतात ते खाली लिहितात, "आवाज कमी आहे, भाऊ, वाढवा." पहिला मात्र अजून फिरतो, लग्नाच्या मांडवात, बसमध्ये, आणि भेटेल तो मला सांगतो, राजूभाऊ, मस्त काम. मी पूर्वी अशा वेळी अजून दोन गोष्टी जोडून सांगायचो. आता चहा मागवतो.

त्या दिवशी नदीवर अक्कांनी हात खाली घेतला, आणि मला पुन्हा जवळ ओढलं. मला वाटलं, आता अजून एक बसणार. पण त्यांनी पलीकडे हनुवटीनं दाखवलं आणि विचारलं, "आते तिना आवाज कितला भरना रे? काटावर?"

काटा मोबाईलमध्ये होता, आणि मोबाईल पलीकडच्या अंगणातच राहिला होता, स्पीकरसोबत.

"मोजला नाही, अक्का," मी म्हटलं. "नुसता ऐकला."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग पहिल्यांदाच मान डोलावली.